रंग उडाल्याची नोंद

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

ही वही फक्त दगडांसाठी आहे. घरातल्या कटकटी यात लिहायच्या नाहीत, हा नियम पहिल्याच पानावर करून ठेवतो.

कारण असं झालं. काल दिवाळीची आवराआवर संपली म्हणून कपाट उघडलं, एकोणीस नंबरचा फ्लोराइट हातात घेतला आणि तसाच दाराशी उजेडात नेला. गडद जांभळा दगड, मुठीएवढा, एकावर एक चढलेल्या चौकोनी स्फटिकांचा. तो चक्क राखी दिसत होता. कडेला थोडा तपकिरी.

माझ्याकडे त्रेचाळीस फ्लोराइट आहेत आणि सगळे जुन्या संग्रहांतले. खाणीतून आजच निघालेला दगड कोणीही आणून ठेवील, त्यात काही विशेष नाही. जुन्या दगडाबरोबर त्याची चिठ्ठी येते. ज्याच्या हाती दगड जातो तो चिठ्ठीवर आपलं नाव, साल आणि दगडाबद्दल एक ओळ लिहितो. चिठ्ठी फेकायची नाही, आधीचं खोडायचं नाही, आपलं म्हणणं खाली लिहायचं, हा आमच्यातला कायदा. एकोणीस नंबरची चिठ्ठी १९०८ पासूनची आहे. आधी एक रेल्वेचा इंजिनियर साहेब, त्याने तो विलायतेहून आणला. मग एक प्रोफेसर. मग माझे गुरू अनंतराव, १९६४, ‘रंग उत्तम’. आणि १९९१ मध्ये मी, ‘रंग उत्तम’. अनंतरावांनी जायच्या आधी स्वतः माझ्या हातात दिला होता.

काही फ्लोराइटचा रंग उन्हाने उडतो हे या छंदातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तेव्हा प्रश्न एकच उरला, ऊन दाखवलं कोणी? बायकोला, इंदूला, विचारलं. ती म्हणाली, “दिवाळीचं झाडून राहिली होती नं. ओल्या फडक्यानं पुसले आन् गच्चीवर पेपरावर वाळू घातले. अर्धाक घंटा असन.”

अर्धा घंटा. एकशे सोळा वर्षं टिकलेला रंग हिने अर्ध्या घंट्यात घालवला.

“मले तं जांभळाच दिसून राह्यला,” असंही वर म्हणाली. मी बत्तीस वर्षं खनिज खात्यात नकाशे रंगवले. प्रत्येक खडकाला ठरलेला रंग, आणि तो माझ्या हातचा. साहेब लोक विचारायचे, पांढरीपांडे, हा गुलाबी की फिका लाल? माझ्या नजरेपुढे इंदूची नजर कुठे टिकणार.

९ नोव्हेंबर, शनिवार

सगळे त्रेचाळीस तपासले. जांभळे अकरा होते, अकराही गेले. निळे मळकट. पिवळे मात्र पहिल्यापेक्षा छान. नोंद: पिवळा रंग चिवट असतो, उन्हाला दाद देत नाही.

वर्तमानपत्राची छपाई हल्ली अगदी फिकट येते. पेपरवाल्याला हटकलं, तर म्हणतो, “अंकल, पूरे चौबे कॉलोनी में यही पेपर जाता है.” म्हणजे सगळ्यांनाच फिकट देऊन राहिला. कोणी बोलत नाही, एवढंच.

१७ नोव्हेंबर, रविवार

गोल बाजारातून पडद्यांचं जाड कापड आणलं, काळं. हॉलच्या दोन्ही खिडक्या, दगडांच्या खोलीची खिडकी आणि मागचा झरोका, सगळं झाकून टाकलं. आता उन्हाचा एक कण आत येत नाही.

ऋता आली होती नव्या रायपूरहून. आमची मुलगी, तिथे एका ऑफिसात आहे. लहानपणी मराठी बोलायची, आता आम्ही मराठीत विचारतो आणि ती हिंदीत उत्तर देते. दारातच म्हणाली, “बाबा, घर है कि गोदाम? और नेवी ब्लू क्यों लिया?” मी सांगितलं की काळा आहे. ती आईकडे पाहायला लागली. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून पोरीचे डोळे खराब झाले असणार. एकदा तपासून घे म्हटलं, तर दोघी हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं?

इंदू तांदूळ निवडायला हॉलच्या खिडकीशी बसायची, गुडघ्यांना ऊन लागतं म्हणून. आता ती बाहेरच्या पायरीवर बसते. येणारेजाणारे पाहतात. माझी अडचण तिच्या लक्षात येत नाही असं नाही, पण तिला ती मानायची नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

वहीचा नियम मोडून लिहितो आहे.

दुपारी कपाट उघडलं तर एकोणीस नंबर जागेवर नाही. इंदूही घरात नाही. दोन तास मी कसे काढले ते मलाच माहीत. चार वाजता ती रिक्षातून उतरली. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला दगड काढला, आणि एक साडी काढली.

“कुठे नेला होता?”

“गोल बाजारात. दुकानदाराले म्हटलं, भैया, असाच रंग पाह्यजे, याच्याहून फिका नको आन् गडद बी नको. वीस साड्या उघडल्या त्यानं. तेव्हा कुठं जुळला. हे पाहा, बाजूला ठेवून पाहा.”

मी पाहिलं. राखी साडी, राखी दगड. जुळत होते, यात शंका नाही.

म्हणजे हिने आपल्या तोंडाने कबूल केलं की दगड राखी झाला! ते मी तिला सांगितलं. तिने साडीची घडी घातली. मग म्हणाली, “तुमी एकदा डोळे दाखवून या नं.”

विषय बदलण्यात इंदूचा हात धरणारं कोणी नाही. अपराध उन्हाचा, आणि तपासणी माझ्या डोळ्यांची. मी तिला सरळ सांगितलं की यापुढे माझ्या दगडांना हात लावायचा नाही. ती ‘हव’ म्हणाली आणि आत गेली.

८ डिसेंबर, रविवार

आज एकोणीस नंबर गेला. बाबारावांना दिला.

बाबाराव टिकरापाऱ्यात राहतात. रेल्वेतून निवृत्त, आणि रायपुरात जुने फ्लोराइट जमवणारा माझ्याशिवाय तो एकच माणूस. त्यांच्याकडचा पिवळा, लिंबाएवढा स्फटिक माझ्या मनात बरीच वर्षं होता. अदलाबदल करू म्हणालो, तर ते पिवळा घेऊन आमच्याकडे आले. त्यांनी एकोणीस नंबर बाहेर पायरीवर नेऊन पाहिला, आत येऊन पाहिला, पुन्हा बाहेर नेला.

“रंग गेला म्हन्ता?” त्यांनी विचारलं.

“गेला.”

“नीट पाह्यलं नं, अच्युतराव? मले तसं वाटत नाही.”

“बत्तीस वर्षं नकाशे रंगवले, बाबाराव.”

“तेही खरं आहे. पण पुन्हा एक खेप विचारतो. पक्कं?”

मित्राचं मन राखायला माणूस किती खोटं बोलतो! मला भरून आलं. मग कायद्याप्रमाणे चिठ्ठी काढली. अनंतरावांच्या आणि माझ्या ‘रंग उत्तम’ खाली, माझ्या नकाशावरच्या अक्षरात, टाक बुडवून लिहिलं: ‘२०२४. उन्हाने रंग पूर्ण उडाला. अच्युत पांढरीपांडे.’ लिहिताना अनंतरावांपुढे उभं राहून गुन्हा कबूल करावा तसं वाटलं, तोही दुसऱ्याचा.

बाबारावांनी शाई वाळण्याची वाट पाहिली, चिठ्ठी आणि दगड पिशवीत घातले आणि इतक्या घाईने निघाले की चहा तसाच राहिला. वाईट वाटलं असणार बिचाऱ्यांना. पिवळ्याच्या चिठ्ठीवर त्यांनी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आहे. हल्लीच्या पेनांची शाई उठतच नाही, नंतर सावकाश वाचीन.

इंदू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबाराव गेल्यावर म्हणाली, “देऊन टाकला?”

“ठेवून काय करू?”

तिने बाबारावांचा राहिलेला चहा मोरीत ओतला.

२४ डिसेंबर, मंगळवार

विशेष काही नाही. पिवळा फार सुरेख आहे. इंदू बोलत नाही, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. ती राखी साडी दिवसाआड धुऊन पुन्हा नेसते. मला डिवचायला, दुसरं काय. हॉलमधला मनीप्लांट वाळला.

५ जानेवारी २०२५, रविवार

इंदू पडली.

सकाळी अकरा वाजता, भर दिवसा, हॉलमध्ये. माझा स्टूल मी दगडांच्या खोलीच्या दाराशी ठेवला होता, तो तिला दिसला नाही. दिसणार कसा? हॉलमध्ये मध्यरात्रीसारखा अंधार होता आणि तो मी केला होता. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात नेताना रिक्षात तिने हूं की चूं केलं नाही. मी दोनदा विचारलं, फार दुखतं का. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, “पडद्याले काही झालं नाही नं?”

मला लाज वाटली. हे लिहून ठेवतो, कारण तिला तोंडाने सांगता आलं नाही.

दवाखान्यातला फॉर्म मी भरला. खिडकीवरची पोरगी म्हणाली, “अंकल, आपने मरीज़ की जगह अपना नाम लिख दिया.” काळजीत होतो म्हणून. सहा आठवडे प्लास्टर.

हॉलचे पडदे दुपारी काढले. दगडांच्या खोलीचा ठेवला.

१४ जानेवारी, मंगळवार

स्वयंपाक मी करतो. ऋताने पोळ्यांना बाई लावून दिली, भाजी माझी. मेथीत गवत निघालं म्हणून तक्रार झाली. सकाळी इंदूची वेणी घालतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिचे केस हातात घेतले. किती पातळ झाले आहेत. हे मला माहीतच नव्हतं.

आज संक्रांत. हळदीकुंकवाला बायका येणार म्हणून तिला तयार केलं. तीच राखी साडी हवी होती तिला, संक्रांतीला काळी नेसतात म्हटलं तरी ऐकलं नाही. पदर काढायला ऋताने मदत केली. कुंकू मी लावलं. तिने डोळे मिटून चेहरा वर केला होता. मला वाटलं, छान जमलं.

यंदा आलेल्या सगळ्याच बायका काळ्या साड्यांत. दरवर्षी दोघीतिघी तरी निळ्या-जांभळ्या नेसून येतात, यंदा एकीच्याही अंगावर रंग नसावा याचं नवल वाटलं.

बायका इंदूकडे पाहून गालात हसत होत्या. शेवटी ऋता म्हणाली, “आई, बिंदी तो भौंह के ऊपर लगी है. ठीक कर दूँ?”

“राहू दे,” इंदू म्हणाली. “त्यायनं लावलं आहे.”

आणि दिवसभर तशीच बसली. भुवईवर कुंकू घेऊन, तिळगूळ वाटत.

संध्याकाळी मी ऋताला म्हणालो, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घे. कोणासाठी, असं तिने विचारलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टर रुचिता नावाची तरुण बाई आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि चांगले जुने. ‘इतने दिन अंकल गाड़ी तो नहीं चलाते थे?’ असं तिने मला नाही, ऋताला विचारलं. स्कूटर आजपासून बंद. ऑपरेशन आधी उजव्या डोळ्याचं.

ठीक आहे. या वयात होतं. बारीक अक्षर, कुंकू, मेथीतलं गवत, याचा उलगडा झाला. दगडांचा प्रश्न अर्थातच वेगळा आहे. मोतीबिंदूने धूसर दिसतं, रंग उडत नाही. रंग उन्हानेच उडतो.

२९ जानेवारी, बुधवार

ऑपरेशन झालं. पट्टी आहे. लिहू नको म्हणून सांगितलं आहे.

३० जानेवारी, गुरुवार

मनाई मोडून लिहितो आहे. सकाळी पट्टी काढली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धीरे से खोलिए. उघडला. समोरच्या खुर्चीत इंदू बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. आणि तिने जांभळी साडी नेसली होती.

मी म्हणालो, “ही कधी घेतली?”

इंदूने पदर सारखा केला. ऋता म्हणाली, “बाबा, ये तो वही है. नवंबर वाली.”

मी उजवा डोळा झाकला आणि डाव्याने पाहिलं. राखी. डावा झाकला. जांभळी. असं किती वेळा केलं ते आठवत नाही. डॉक्टरीणबाईंनी हात धरून थांबवलं. त्या म्हणाल्या की मोतीबिंदू पिवळ्या काचेसारखा असतो, जांभळा आणि निळा आधी खातो, पिवळ्याला हात लावत नाही.

तो रंग मी ओळखला. तेहतीस वर्षं पाहिलेला. याच्याहून फिका नाही आणि गडदही नाही.

घरी आल्यावर कपाट उघडलं. दहाही जांभळे जागच्या जागी, जांभळे. या खोलीच्या खिडकीवर पडदा अजून आहे, तो निळा आहे. ऋता म्हणाली होती तसाच, गडद निळा. पिवळा दगड हातात घेतला, तर एका कोपऱ्याला डिंकाची रेघ दिसली. बाबारावांची चिठ्ठी वाचली: ‘एक कोपरा तुटून जोडलेला.’ त्यांनी कायदा पाळला होता. वाचायचं काम माझं होतं.

ही वही पहिल्या पानापासून वाचली. मग इंदूसमोर जाऊन बसलो आणि म्हणालो, “तुझं बरोबर होतं.” ती म्हणाली, “कोनतं?” मी म्हणालो, “सगळं.” ती म्हणाली, “सगळं कायले. रंगाचं तेवढं म्हना.” पण रडली. मीही. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका म्हणून सांगितलं होतं, ते आतल्या पाण्याबद्दल नसावं.

९ फेब्रुवारी, रविवार

इंदूला घेऊन टिकरापाऱ्यात गेलो. मी दगड परत मागायला निघालो होतो. खोटं कशाला लिहू?

बाबारावांनी तो हॉलमध्ये, खिडकीशी, पण उन्हापासून हातभर दूर ठेवला आहे. तिथे उभा राहून मी दगड पाहिला, आणि त्याखालची चिठ्ठीही. ‘रंग उत्तम. रंग उत्तम. उन्हाने रंग पूर्ण उडाला.’ इतकं सुबक अक्षर. शंभर वर्षांनी कोणी हे वाचील आणि दगडाकडे पाहील, तेव्हा त्याला हा पांढरीपांडे कोण गाढव होता असा प्रश्न पडेल.

बाबाराव आधीच बोलले. “अच्युतराव, मी तीन खेपा विचारलं होतं.”

“विचारलं होतं.”

“मंग तुमी मागू नका, आन् मलेही नाही म्हनायले लावू नका. चिठ्ठीवर सही झाली नं.”

झाली होती. मी त्यांच्या जागी असतो तर मीही दिला नसता. एवढंच म्हणालो की मला खाली एक ओळ लिहू द्या. खोडणार नाही, खाली लिहीन. त्यांनी टाक आणि दौत काढून दिली. चिठ्ठीवर जेमतेम दोन ओळींची जागा उरली होती.

मी आधी कच्च्या कागदावर लिहून पाहिलं: ‘वरील नोंद अपुऱ्या उजेडात केली गेली.’

इंदूने वाकून वाचलं. “उजेड कोनं बंद केला होता?”

तो कागद फाडला. दुसऱ्यावर ‘नजरदोषामुळे’ असं लिहिलं, तेही बरोबर वाटेना. डोळ्यांचा दोष होता हे खरं, पण तो सांगणारे चारजण होते आणि त्यांचं ऐकलं नाही, हा डोळ्यांचा दोष नव्हता. शेवटी सरळ चिठ्ठीवरच टाक टेकवला आणि लिहिलं: ‘२०२५. वरील नोंद चूक. रंग उत्तम. पाहणारी: इंदू पांढरीपांडे.’

आमचं आडनाव लांब आहे. ओळ तिथेच संपली, खाली बोटभर जागा राहिली.

“सही पाह्यजे,” बाबाराव म्हणाले. “बिना सहीची नोंद धरत नाहीत.”

मी टाक इंदूच्या हातात दिला. तिने प्लास्टरकडे पाहिलं, मग टाक डाव्या हातात घेतला. दोन अक्षरांचं नाव लिहायला तिला पुष्कळ वेळ लागला. पहिलंच अक्षर उलट्या बाजूला कललं, आणि दुसऱ्यावर शाईचा ठिपका पडला. त्याच्याबद्दल ती बाबारावांना सॉरी म्हणाली. बाबारावांनी फुंकर घातली. माझ्या सहीला जागा राहिली नाही, आणि ती कोणी मागितलीही नाही.

परत येताना रिक्षात तिने विचारलं, “गोटा गेला त्याचं लई वाईट वाटून राह्यलं काय?”

“हो.”

“मलेही.” मग जांभळा पदर दाखवत, “या साडीवर चहा सांडला. उद्या बाईकडून धुवून घेते.”

“धुवून घे,” मी म्हणालो. “पण गच्चीवर टाकू नको. उन्हाने रंग उडेल.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. इंदू रिक्षाच्या बाहेर पाहत राहिली. तिचे खांदे हलत होते. हसून राहिली होती.

“हव,” म्हणाली. “लिहून ठेवा वहीत.”

लिहून ठेवलं आहे.